सागवनातून बीचवनात : जर्मनीला निघालेल्या इंदूरच्या विद्यार्थ्यास उत्तर

आपण विचारले आहे की, वनशास्त्राची पदवी घेतल्यावर इंदूरहून जर्मनीला यावे का, आणि इंदूरजवळच्या चोरल-बडवाहच्या सागवनांत मिळालेला अनुभव तेथील बीचवनांत (बीच हा युरोपातील पानझडी वृक्ष) कितपत उपयोगी पडेल. मी स्वतः इंदूरच्या राजेंद्रनगरात वाढलो आणि आता जर्मनीत लाकूड-उत्पादनाच्या जंगलांत काम करतो, म्हणून कागदपत्रांचे थोडक्यात सांगून मुख्य प्रश्नाकडे वळतो. भारतीय विद्यार्थ्याला एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) लागते आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात. बाकी माहिती वकिलातीच्या संकेतस्थळावर मिळते.

सागाचा अनुभव उपयोगी पडेल, पण प्रकाशाविषयीची आपली सवय मात्र उलटी करावी लागेल. सागाच्या रोपाला डोक्यावर मोकळे आकाश हवे असते, त्यामुळे कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) मोकळा करून नवी पिढी आणणे आपल्याला स्वाभाविक वाटते. बीचचे रोप मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षे तग धरते. उलट उघड्यावर त्याला उशिराचे हिमतुषार आणि गवताची स्पर्धा यांचा त्रास होतो. म्हणून ज्या वर्षी बीचला भरपूर बी येते (आणि असे वर्ष दरवर्षी येत नाही), त्या सुमारास वरचे छत्र थोडे विरळ करतात, खाली रोपे रुजली की टप्प्याटप्प्याने जुनी झाडे काढतात आणि नव्या पिढीला हळूहळू प्रकाश देतात. जर्मन वनशास्त्रज्ञ गेओर्ग लुडविग हार्टिग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीला नियमबद्ध रूप दिले. पुढे 1864 मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस हेही जर्मनच होते, तेव्हा कार्य-आयोजनेची (जंगलात कधी, कोठे, किती तोड करायची याच्या आराखड्याची) भाषा आपल्याला अगदीच परकी वाटणार नाही.

खरे कौशल्य विरळणीत आहे. तरुणपणी झाडे दाट ठेवली तर खालच्या फांद्या आपोआप वाळून गळतात आणि आठ-दहा मीटर सरळ, गाठी नसलेले खोड मिळते. त्यानंतर निवडक उत्तम झाडांच्या शेंड्याशी थेट स्पर्धा करणारे शेजारी काढून त्यांचा पर्णसंभार वाढू द्यायचा. मागे पडलेली, खुरटलेली झाडे निरुपयोगी समजून प्रथम तोडण्याचा मोह होतो, परंतु तीच खालून सावली धरून खोडाला संरक्षण देतात. बीचची साल पातळ व गुळगुळीत असते. ती एकाएकी उन्हात आली की भाजते, फुटते आणि तेथून बुरशी शिरते. सुदैवाने बीचचा शेंडा मोठ्या वयातही मोकळी जागा भरून काढतो, त्यामुळे उशिरा केलेल्या विरळणीलाही तो प्रतिसाद देतो; ओकच्या बाबतीत एवढी सवलत मिळत नाही.

तोड कधी करायची, हा मला सर्वांत रोचक वाटणारा प्रश्न आहे. साधारणपणे 60 सेंटिमीटर व्यास हे लक्ष्य असते, आणि तेथवर पोहोचायला शंभर ते एकशेचाळीस वर्षे लागतात. आपण 1.37 मीटर उंचीवर घेर मोजता, येथे 1.30 मीटरवर व्यास मोजतात. तो 60 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 188 सेंटिमीटर घेर. आणखी जाडीसाठी थांबावे, तर गाभ्यात तांबूस रंग चढण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. त्याने लाकडाची ताकद कमी होत नाही, पण फर्निचर व व्हीनियरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे) ग्राहक दर पाडतात. म्हणूनच विरळणीने वाढीचा वेग टिकवून, वय फार होण्याआधी जाडी गाठणे यावर सारा भर असतो. तोड हिवाळ्यात करून ओंडके वसंतातील ऊब येण्यापूर्वी हलवावे लागतात, कारण बीचचे लाकूड ओल्या, उबदार हवेत लवकर डागाळते आणि कुजू लागते.

2018 ते 2020 या कोरड्या वर्षांनी मात्र या शिस्तीला धक्का दिला. उथळ जमिनीवर आणि दक्षिणेकडच्या उतारांवर जुन्या बीचचे शेंडे वाळले; वाळलेल्या फांद्या अचानक कोसळत असल्याने त्यांची तोड धोक्याची झाली. छत्र घट्ट ठेवावे की उरलेल्या प्रत्येक झाडाला अधिक पाणी मिळावे म्हणून जोरदार विरळणी करावी, यावर अजून मतभेद आहेत. माझा कल, निदान उताराच्या कोरड्या जमिनींवर, शुद्ध बीच न ठेवता ओक, मेपल यांसारख्या जाती मिसळण्याकडे आहे.

आता नोकरीविषयी. फ्रायबुर्ग किंवा ग्योटिंगनमध्ये इंग्रजीतून वनविषयक पदव्युत्तर शिक्षण घेता येते, परंतु झाडांवर खुणा करताना, तोड करणाऱ्यांशी बोलताना आणि लाकूड विकताना जर्मनच लागते. सरकारी वनसेवेसाठी पदवीनंतर वेगळे प्रशिक्षण व परीक्षाही जर्मनमध्येच असते. म्हणून इंदूर सोडण्यापूर्वी जर्मन भाषेची निदान बी-वन (B1, म्हणजे मध्यम) पातळी गाठावी. शिवाय हरणांनी रोपे खाऊ नयेत म्हणून शिकार हा येथील वनाधिकाऱ्याच्या कामाचा भाग मानला जातो. आपल्या घरी हे चालणार नसेल, तर आई-वडिलांशी ते आधीच बोलून घ्यावे. पहिली इंटर्नशिप हिवाळ्यातील तोडीच्या हंगामात मागावी, कारण खुणा कशा केल्या जातात ते तेव्हाच जवळून पाहता येते.