चाळिशीत चालायला सुरुवात केली, सोबत व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या घ्याव्यात का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय वय ४३, पंधरा वर्षं खुर्चीवरचं काम, आता आठवडा झाला सकाळी फिरायला जायलात, पोटऱ्या भरून आल्यात आणि मित्र म्हणतो व्यायामानं शरीरात फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना त्रास देणारे कण, तयार होतात, त्यांना आवरायला सी आणि ई च्या गोळ्या चालू कर. माझं परभणीत मेडिकल आहे, सी ची लिंबाच्या चवीची गोळी आणि ई ची ती हिरवी कॅप्सूल याच कारणासाठी मागणारे लई येतात, त्यांना जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो, नका घेऊ.

फ्री रॅडिकल तयार होतात हे खरंय, आणि सवय नसलेल्या माणसाला त्याचा ताण जरा जास्तच बसतो. पण तोच ताण स्नायूला सांगतो की काम वाढलंय, तयारीला लाग. मग पेशी स्वतःच त्या कणांना आवरणारे अँटिऑक्सिडंट एन्झाइम वाढवतात, ऊर्जा बनवणारे मायटोकाँड्रिया वाढतात आणि काही आठवड्यांनी तेवढंच चालणं अंगाला लागत नाही. नवीन माणसानं कुदळ धरली की आधी फोड येतात, मग घट्टे पडतात ना, तसंच. पहिल्या दिवसापासून हाताला फडकं गुंडाळलं तर घट्टे पडणार कधी?

२००९ ला जर्मनीतला एक अभ्यास छापून आला, त्यात जवळपास ४० तरुण पुरुषांकडून ४ आठवडे व्यायाम करून घेतला, त्यातल्या निम्म्यांना आधी व्यायामाची सवयच नव्हती. काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन आधीपेक्षा चांगलं काम करायला लागलं, गोळ्यावाल्यांना तो फायदा मिळालाच नाही. आपल्याकडं घरोघरी शुगर आहे, चालायचं ते निम्मं याच्यासाठीच, आणि तेच पैसे देऊन घालवायचं म्हणजे मला खरंच वाईट वाटतं. नंतर २०१४ ला नॉर्वेत ५४ जणांवर ११ आठवडे केलं, तिथंही गोळ्यावाल्यांच्या स्नायूत मायटोकाँड्रियाची वाढ अडली, दमसास मात्र दोन्हीकडं सारखाच वाढला. म्हणजे गोळी घेतली की चालणं सगळं वाया जातं असं नाही, पण घेऊन हाती काहीच लागत नाही.

दुसरं म्हणजे सी चे मोठे डोस रोज घेतले तर लघवीत ऑक्झलेट (ज्याचे खडे बनतात तो क्षार) वाढतं, त्यानं मुतखड्याचा धोका वाढतो. आपल्याकडचा उन्हाळा, घाम आणि कमी पाणी, त्यात ही भर कशाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ई च्या मोठ्या डोसनं रक्तस्राव होऊ शकतो, डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

पुरुषाला दिवसाला सी लागतं ८० मिलिग्रॅम, एका मध्यम पेरूत ते सहज निघतं. ई शेंगदाण्याच्या चटणीत आहे, करडईच्या तेलात तर भरपूर.

पोटऱ्यांचं म्हणाल तर आठवडाभर वेळ निम्मा करा, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तीन आठवड्यांनीही दुखणं, थकवा तसाच राहिला तर डी आणि बी-१२ तपासून घ्या, ते कमी असणारे आपल्याकडं खूप आहेत, शुगरची मेटफॉर्मिन बरेच वर्षं चालू असेल तर बी-१२ नक्कीच बघा. त्याच्या गोळ्या डॉक्टरनं लिहून दिल्या तर बिनधास्त घ्या, माझं बोलणं फक्त सी आणि ई च्या मोठ्या डोसपुरतं आहे. आणि चालताना छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथंच थांबा आणि त्याच दिवशी ईसीजी काढा.