पाळीच्या दिवसांत पारा (कुरआनचा भाग) थांबवायचा का?
वाचकांचे प्रश्न : कुरआन आणि आपण

प्रश्न : मी मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक वर्गात) मुलींना नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) आणि नाजिरा (कुरआन पाहून पढणं) शिकवते. पाळीत कुरआन पढू नये म्हणतात, म्हणून वर्ग बंद ठेवावा लागतो, महिन्यातले सहा-सात दिवस जातात. "हे कुरआनात कुठे आहे?" असं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "असं विचारलं की इमान कमजोर होतं." (रावेर)

आधी सासूबाईंचं पाहू. बकरह या सूरहच्या (अध्यायाच्या) २६०व्या आयतीत (वचनात) इब्राहीम अलैहिस्सलाम खुद्द अल्लाहला म्हणतात, मेलेल्यांना तू कसं जिवंत करतोस ते दाखव. "तुझा विश्वास नाही का?" असं विचारल्यावर उत्तर येतं : आहे, पण मनाला समाधान हवं. त्यांच्या या विचारण्याला कुरआन बेइमानी म्हणत नाही. ५८व्या सूरहचं तर नावच 'मुजादिला', म्हणजे वाद घालणारी. हजरत खौला नवऱ्याची तक्रार घेऊन पैगंबरांकडे आल्या आणि मागे हटल्या नाहीत. सूरहची सुरुवातच अशी : अल्लाहने तिचं म्हणणं ऐकलं.

आता नियम. पाळीत कुरआन पढू नये असं स्पष्ट सांगणारी आयत नाही. बकरहची २२२वी आयत पाळीतल्या शरीरसंबंधाबद्दल आहे. सूरह वाकिअहमध्ये (५६:७९) "पाक असलेल्यांशिवाय कोणी त्याला स्पर्श करत नाही" असं येतं. काही मुफस्सिरांच्या, म्हणजे भाष्यकारांच्या, मते तिथे फरिश्ते अभिप्रेत आहेत. शिवाय तिथे स्पर्श म्हटलंय, पढणं नाही. पढण्याची मनाई तिर्मिजी या हदीससंग्रहातल्या एका हदीसीवरून (पैगंबरांच्या वचनावरून) सांगितली जाते. तिच्या सनदीत (सांगणाऱ्यांच्या साखळीत) इस्माईल बिन अय्याश आहेत आणि हिजाजच्या (मक्का-मदीना भागातल्या) लोकांकडून त्यांनी सांगितलेल्या रिवायती (कथनं) मुहद्दिस (हदीसतज्ज्ञ) कमजोर मानतात. म्हणूनच इमामांत मतभेद आहे. सुन्नींच्या चार फिकही (धर्मनियमांच्या) पंथांपैकी हनफी, शाफई आणि हंबली मनाई करतात. मालिकी पाळी चालू असताना पढण्याची मुभा देतात, कारण गुसल (शुद्धीचं स्नान) करून मोकळं होणं बाईच्या हातात नसतं आणि पाठ केलेलं विसरण्याची भीती असते. मध्ययुगीन विद्वान इब्ने तैमिया यांचंही मत मुभेकडे झुकणारं आहे.

खानदेशात बहुतेक घरं हनफी. पण हनफी राहूनही तुमचा वर्ग बंद ठेवायची गरज नाही, आणि हे शिकवणाऱ्या आपांनाच (बाईंनाच) माहीत नसतं याचं नवल वाटतं. नूरानी कायदा म्हणजे काही मुसहफ (कुरआनची प्रत) नव्हे. हिज्जे (अक्षरं जोडून वाचणं) करून घेता येतात. आयत असेल तर एक-एक शब्द तोडून सांगायचा : "अल्हम्दु", थांबा, मुलीला म्हणू द्या; "लिल्लाहि", थांबा; "रब्बि", थांबा. अख्खी आयत एका दमात म्हणायची नाही, एवढंच. चूक होते ती सबक (धडा) ऐकताना. मुलगी अडली की आपा सवयीने पूर्ण आयत म्हणून जातात. तिथे फक्त अडलेला शब्द सांगा. दुआ, दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ), जिक्र (अल्लाहचं स्मरण) चालतं. "रब्बना आतिना" सारखी आयत दुआ म्हणून म्हणता येते. ऐकायला तर कोणतीच आडकाठी नाही.

मुसहफ उचलायचा झाला तर वेगळ्या कापडाने, म्हणजे सुटं जुजदान (कुरआनचं कापडी आवरण) किंवा रुमाल घेऊन. अंगावरच्या ओढणीच्या टोकाने धरलं तर हनफींत ते चालत नाही, आणि चिकटवलेली जिल्द (पुठ्ठा) मुसहफचाच भाग. आणखी एक : हनफी हिशेबात हैज (पाळी) कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १० दिवस. त्यापुढचा रक्तस्राव इस्तिहाजा. तेव्हा गुसल करून, प्रत्येक नमाजच्या वेळेला वुजू (हात-तोंड-पाय धुणं) करून नमाज आणि तिलावत (कुरआन पढणं) दोन्ही करायची. अकराव्या-बाराव्या दिवशीही 'नापाक' समजून बसणाऱ्या बायका कमी नाहीत. त्यांनी डॉक्टरांनाही दाखवावं.

यापुढे आलिमांना विचारताना "जायज की नाजायज" एवढंच विचारू नका. हे कुरआनात आहे, हदीसीत आहे की फिकहच्या किताबात, आणि दुसऱ्या इमामांचं मत काय, असं विचारा. दारुल-इफ्ताला (फतवा देणाऱ्या कार्यालयाला) लेखी विचारलं तर जवाबात सहसा किताबाचं नावही येतं.

प्रश्न : माझं वय ४६, घरात तडवी बोली, उर्दू येत नाही. मराठी अक्षरांत छापलेल्या सूरह पढते. केळी पॅकिंगच्या कामामुळे मदरशात जाणं जमत नाही. हे चुकीचं आहे का? (यावल)

सुरुवात म्हणून ठीक, पण ताई, तिथेच थांबू नका. देवनागरीत एका 'स'खाली अरबीची तीन अक्षरं येतात, 'ज'खाली पाच. बड्या काफचं (ق) 'कल्ब' म्हणजे हृदय, छोट्या काफचं (ك) 'कल्ब' म्हणजे कुत्रा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

मराठी जिभेची खोड वेगळीच. आपण शेवटचा इकार-उकार दीर्घ करतो. त्यामुळे 'नअबुदु'चं 'नअबुदू' होतं, एका हरकतीच्या (मात्रेच्या) दोन होतात. उलट शेवटचा 'अ' आपण गिळतो किंवा लांबवतो : 'इय्याक'मधला 'क' अर्धाही नको आणि 'का'ही नको, तोडून पूर्ण म्हणायचा. 'अनअम्त' (तू कृपा केलीस) चुकून 'अनअम्तु' झालं तर अर्थ होतो 'मी कृपा केली'. याला लहन-ए-जली, म्हणजे उघड चूक म्हणतात आणि ती आधी सुधारायची. गुन्ना (नाकातला सूर), बारीक मद (स्वर लांबवणं) हे नंतर.

बडी 'हे' (ح) जमत नसेल तर चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर श्वास सोडतो तसा कोरडा श्वास घशाच्या मध्यातून काढा. छोटी 'हे' (ه) त्याच्याही खालून, छातीजवळून येते. रोज २० मिनिटं, सूरह फातिहाच्या सात आयती, फोनवर रेकॉर्ड करून उस्तानीला (शिक्षिकेला) पाठवा. घरच्या मुलीला येत असेल तर तीच उस्तानी. अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य), ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे.

प्रश्न : भिंतीला भिंत लागून घरं. मोठ्याने पढलं की "बाईचा आवाज सतर" (झाकायची गोष्ट) म्हणून गप्प करतात. (धुळे)

यावर हनफी फकीहांतही (धर्मनियमांच्या जाणकारांतही) एकमत नाही. आवाज स्वतःहून सतर नाही असं म्हणणारे त्यांच्यात आहेत. इंडोनेशियाच्या मारिया उल्फा कारिया (कुरआन सुरात पढणाऱ्या) म्हणून जगभर ऐकल्या जातात. शेजाऱ्यांशी भांडण नको असेल तर स्वतःच्या कानाला ऐकू येईल एवढा आवाज पुरे. मात्र ओठ मिटून नुसती नजर फिरवणं ही तिलावत नव्हे, जीभ हललीच पाहिजे.

प्रश्न : फोनवरच्या ॲपमधली अक्षरं वाचताच येत नाहीत. (अमळनेर)

ॲपमध्ये बहुधा मदीना छापाचा खत (अक्षरांची धाटणी) असतो. आपण शिकलेला हिंदुस्तानी खत वेगळा : जज्मची (अक्षराला स्वर नसल्याची) खूण, खडा जबर (लांब 'आ'ची खूण), मद सगळं निराळं. सेटिंगमध्ये 'इंडोपाक' निवडा. नसेल तर १३ ओळींचा छापील मुसहफ घ्या, अक्षर मोठं असतं. रोज एक रुकू (सूरहचा छोटा भाग) धरला (समासात 'ऐन'ची खूण असते) तर साधारण दीड वर्षात कुरआन खत्म (पूर्ण) होतो.