रात्रीची तलफ, सकाळचा थकवा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या निद्रानाशावरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रे सिगारेट, विडी, मिश्री आणि तंबाखूच्या बाराबद्दल होती. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : जेवण झाल्यावर एक सिगारेट आणि अकराच्या सुमारास आडवे होण्यापूर्वी आणखी एक ओढली की डोके शांत होते आणि झोप लागते. पण पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा एक ओढल्याशिवाय डोळा लागत नाही. सकाळी अंग जड असते. सिगारेट झोपेला मदत करते की ती मोडते? (इचलकरंजी)

मोडते. तुम्हाला शांत वाटते हे खोटे नाही, फक्त त्याचे कारण वेगळे आहे. निकोटीन हे उत्तेजक. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचते, जागे ठेवणारी रसायने वाढवते, नाडी आणि रक्तदाब वर नेते. असे असताना शांत वाटते, कारण आधीची सिगारेट उतरू लागली की जी चुळबुळ आणि चिडचिड सुरू होते, ती पुढची सिगारेट मिटवते. दुखणे आणि औषध एकाच पाकिटात.

पहाटे जाग येण्याचा हिशेब सोपा आहे. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. अकराला ओढलेल्या सिगारेटचे एक वाजता निम्मे उरते, तीनला पाव. दिवसभर निकोटीनने बधिर झालेली मेंदूतली त्याची ग्रहणस्थाने, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटते त्या जागा, तोवर पुन्हा सावध होतात आणि मागणी सुरू करतात. तुम्ही उठून ओढता, तेव्हा त्या जाग येण्याला बक्षीस मिळते. काही आठवड्यांत शरीर गजर लावल्यासारखे त्याच वेळी उठू लागते. तलफेसाठी रात्री उठावे लागणे आणि सकाळी डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागणे, ही दोन्ही सवय खोलवर गेल्याची लक्षणे आहेत.

सकाळच्या जडपणाचेही कारण हेच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० धूम्रपान करणारे आणि ४० न करणारे यांच्या रात्रभराच्या मेंदूलहरी तपासल्या होत्या. ओढणाऱ्यांत गाढ झोपेच्या मंद लहरी कमी आणि जागेपणाकडे झुकणाऱ्या लहरी जास्त दिसल्या, आणि हा फरक रात्रीच्या पहिल्या भागात सर्वांत मोठा होता. म्हणजे तास भरले तरी झोप उथळच राहते. २०१९ मध्ये अमेरिकेत ७८५ जणांच्या झोपेच्या नोंदींवरून असे दिसले, की झोपण्याआधीच्या चार तासांत निकोटीन घेतले तर झोप तुटक होते. ज्यांना आधीच निद्रानाश होता, त्यांची झोप अशा रात्री सरासरी ४२ मिनिटांनी घटली.

एकदम सोडणे जमत असेल तर उत्तमच. जमत नसेल तर सुरुवात रात्रीपासून करा.

अकराची सिगारेट दर तीन दिवसांनी वीस मिनिटे अलीकडे सरकवत न्या, ती जेवणानंतरच्या सिगारेटला येऊन भिडेपर्यंत. भिडली की दोन्हींतली एक आपोआप गळते. मग उरलेली जेवणाआधी, सातच्या सुमारास न्या. पाकीट आणि काडेपेटी झोपण्याच्या खोलीत ठेवू नका. रात्री जाग आली तर घड्याळ आणि मोबाइल बघायचा नाही, घोटभर पाणी प्यायचे आणि पडून राहायचे. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, जांभई आली की परत या. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढी काढली की त्या रात्रीचे काम झाले. पहिल्या चार-पाच रात्री त्रासाच्या जातील. एक खबरदारी घ्या : रात्रीच्या कमी केल्या म्हणून दिवसा खोल झुरके घेऊन भरपाई होते, आणि ती ओढणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘लाइट’ म्हणून विकली जाणारी सिगारेट याच कारणाने कुचकामी आहे.

प्रश्न : आई गेली तीस वर्षे मिश्री लावते. रात्रीची भांडी झाली की लावते आणि बरेचदा तशीच तोंडात ठेवून झोपते. झोप लागत नाही अशी तिची रोजची तक्रार आहे. मिश्रीचा आणि झोपेचा संबंध आहे का? ‘मी काही विडी-सिगारेट ओढत नाही,’ असे तिचे म्हणणे. (सातारा जिल्हा)

संबंध थेट आहे. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. धूर नाही एवढ्यावरून ती सौम्य ठरत नाही. महाराष्ट्रात तर धुरापेक्षा हीच बाजू मोठी : २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरतात. तरीही झोपेच्या तक्रारीत डॉक्टर सिगारेटबद्दल विचारतात आणि मिश्रीबद्दल विचारायचे राहून जाते.

सिगारेटचे निकोटीन झपकन चढते आणि उतरते. मिश्रीचे हिरड्यांवाटे सावकाश झिरपते, आणि पूड तोंडात आहे तोवर झिरपत राहते. तोंडात ठेवून झोपले तर पहिल्या गाढ झोपेच्या वेळी रक्तात उत्तेजकाचा ओघ चालूच असतो. तंबाखूच्या बाराचेही तेच. त्यात चुन्याने लाळ अल्कधर्मी होऊन निकोटीन आणखी सहज शोषले जाते. शिवाय झोपेत लाळ कमी सुटते, थुंकणे नसते, आणि तीच पूड रात्रभर त्याच जागी घासत राहते. तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने याहून वाईट सवय शोधून सापडणार नाही.

सोडवायची तर आधी झोपेआधीची सोडवा, सकाळची शेवटी. सकाळची बहुधा संडासशी जोडलेली असते आणि तिलाच हात घातला की सगळा बेत बारगळतो. रात्रीच्या जेवणाआधी शेवटची लावायची, चूळ भरायची, आणि जेवल्यावर ब्रश करायचा. बोटाने घासण्याची सवय जात नसेल तर साध्या दंतमंजनाने घासू दे. मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी सुटे, लेबल नसलेले मंजन घेऊ नका. आठवड्यानंतर दुपारची बंद करा, मग संध्याकाळची. वाटेत पोट साफ होत नाही ही तक्रार हमखास येते, कारण निकोटीन आतड्यांना चालना देते आणि ती चालना गेलेली असते. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात आणि सकाळी उठल्यावर कोमट पाणी, एवढे काही आठवडे चालू ठेवा. बहुतेक बायका याच टप्प्यावर पुन्हा मिश्रीकडे वळतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आणि एकदा उजेडात तिचे तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखटाने होणारी आग, किंवा तीन बोटे उभी आत जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर झोपेचा विषय बाजूला ठेवून दंतवैद्याकडे न्या.

प्रश्न : सिगारेट सोडून नऊ दिवस झाले. झोप पूर्ण उडाली आहे, छातीत धडधडते, हात थरथरतात. सोडल्यामुळे उलट प्रकृती बिघडली असे घरचे म्हणतात. दिवसाला सहा-सात चहा होतात, पण ते आधीही होते. (डोंबिवली)

‘ते आधीही होते’ इथेच खरी मेख आहे. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृतातले एक विकर (एन्झाइम) वाढवतात, आणि तेच विकर चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निचरा करते. न ओढणाऱ्याच्या शरीरात कॅफिन निम्मे व्हायला पाचेक तास लागतात, ओढणाऱ्याला बरेच कमी. तुम्ही सोडलीत आणि आठवड्याभरात हे विकर मूळ पातळीवर आले. आता तेच सात चहा रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफिन ठेवतात. धडधड, थरथर, अस्वस्थता, उडालेली झोप ही सगळी जादा कॅफिनचीही लक्षणे आहेत आणि निकोटीन सुटल्याचीही. माणसाला वाटते शरीर सिगारेट मागते आहे, आणि तो टपरीवर जातो. तिथे पुन्हा चहा असतोच.

आजपासून चहा निम्मा करा. सात असतील तर तीन, आणि शेवटचा दुपारी दोनपर्यंत. एकदम शून्यावर आणलात तर डोके दुखेल. कॉफी पीत असाल तर एक कप फिल्टर कॉफी म्हणजे अंदाजे दोन चहा, असा हिशेब ठेवा. दोन-चार दिवसांत धडधड कमी झाली नाही, किंवा छातीत दुखले, दम लागला, तर डॉक्टरांना दाखवाच.

सुटलेल्या निकोटीनमुळे बिघडलेली झोप पहिल्या आठवड्यात सर्वांत वाईट असते आणि तीन-चार आठवड्यांत बसते. या काळात सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका. आपण सिगारेट ओढतो आहोत अशी स्वप्ने पडतील. ती नेहमीची आहेत, निश्चय डळमळल्याचे चिन्ह नव्हे. झोपेसाठी दारू किंवा शेजाऱ्याची झोपेची गोळी नको.

दोन पुरवण्या. थिओफिलिन, ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही औषधे चालू असलेल्यांनी सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना कळवावे, कारण त्याच विकरामुळे त्यांची रक्तातली पातळी वाढते आणि मात्रा बदलावी लागू शकते. आणि विकराचा हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. त्यामुळे नुसती तंबाखू खाणाऱ्याने ती सोडली तर चहाचे हे गणित त्याला लागू नाही. निकोटीनची पट्टी लावूनही चहा कमी करावा लागतो, तो याचमुळे.

प्रश्न : निकोटीनची पट्टी लावल्यापासून भयंकर, रंगीत स्वप्ने पडतात. पट्टी बंद करू का? (पणजी)

पट्टी बंद करू नका, तिचे वेळापत्रक बदला. चोवीस तास लावलेली पट्टी रात्रभर निकोटीन देत राहते. झोपताना काढा, दुमडून चिकट बाजू आत घेऊन मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका, आणि सकाळी नवी पट्टी दंडावर किंवा छातीवर कोरड्या, केस नसलेल्या, कालच्यापेक्षा वेगळ्या जागी लावा. तोटा एवढाच, की सकाळची तलफ जोरात येते, कारण नव्या पट्टीचा पूर्ण जोर यायला काही तास लागतात. तेवढ्यासाठी २ मिलिग्रॅमची निकोटीन गोळी, म्हणजे च्युइंग गम, हाताशी ठेवा.

ती साध्या गमसारखी चघळत सुटले की निकोटीन पोटात जाते, उचकी लागते, छातीत जळजळते, आणि ‘मला मानवत नाही’ म्हणून माणूस सोडून देतो. हळू चावायची, जीभ चुणचुणली की थांबायचे, गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायची, चुणचुण गेली की पुन्हा थोडे चावायचे. अर्धा तास पुरते. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको. आम्लामुळे निकोटीन तोंडात शोषले जात नाही. शेवटची गोळी झोपण्याआधी दोन तास.

दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्यांसाठी नेहमीचा क्रम २१ मिलिग्रॅमची पट्टी सहा आठवडे, मग १४ ची दोन आणि ७ ची दोन आठवडे असा असतो. डॉक्टरांनी सिगारेट सोडण्यासाठी बुप्रोपिऑन हे औषध दिले असेल तर दुसरी मात्रा दुपारनंतर लवकर, पहिलीपासून आठ तासांचे अंतर राखून घ्यावी. झोपताना घेतली तर जागरण ठरलेले. फिट येण्याचा इतिहास असेल तर हे औषध चालत नाही. सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीनेही स्वप्ने पडतात; संध्याकाळची गोळी रात्री उशिरा न घेता लवकरच्या जेवणाबरोबर घेतली की बरेचदा भागते.

प्रश्न : यजमान विड्या ओढतात आणि प्रचंड घोरतात. विडी सोडली तर घोरणे जाईल? (परभणी)

कमी होऊ शकते. धुराने नाक-घशाचे अस्तर सुजते आणि हवेची वाट अरुंद होते. ही सूज उतरायला वेळ लागतो, म्हणून पंधरा दिवसांत निकाल मागू नका. पण घोरता घोरता श्वास थांबणे, मग दचकून मोठा श्वास, सकाळी डोकेदुखी, दिवसा बसल्या जागी डुलकी असे असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असण्याची शक्यता आहे आणि त्याला रात्रीची तपासणीच हवी. विडी सोडण्याची वाट बघत ती पुढे ढकलू नका. घरात लहान मूल असेल तर खोलीत ओढणे आजच बंद व्हायला हवे. दुसऱ्याच्या धुराने मुलेही घोरू लागतात. अंथरुणात विडी ओढण्याबद्दल वेगळे सांगायला नको, गोधडी धुमसायला एक ठिणगी पुरते.

प्रश्न : इंग्लंडमध्ये शिकतो. सिगारेट सोडून व्हेप (ई-सिगारेट) घेतले, आता ओठाखाली ठेवायचे निकोटीन पाउच वापरतो. धूर नाही, तरी रात्री दोनपर्यंत टक्क जागा असतो. (लीड्स)

धूर गेला म्हणून फुप्फुसांचा बोजा हलका झाला, झोपेचा नाही. सिगारेटला निदान शेवट असतो. व्हेपला नसतो, उशाशी ठेवून अभ्यास करता करता, मोबाइल बघता बघता, तासभर झुरके चालू राहतात आणि किती घेतले याचा पत्ताच लागत नाही. पाउच अर्धा-एक तास तोंडात असतो आणि काढल्यावरही रक्तातले निकोटीन सावकाश उतरते. डबीवर प्रत्येक पाउचमध्ये किती मिलिग्रॅम ते लिहिलेले असते. आधी ताकद उतरवा, मग संख्या : १० चे असतील तर ६, मग ३ किंवा ४. संध्याकाळी सातनंतर एकही नाही. व्हेप रात्री बॅगेत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सुटीत भारतात येताना ते बरोबर आणू नका. इथे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवण बंद आहे. सोडण्याचे मनावर घेतलेत तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे सल्ला आणि औषधे मिळतात. भारतातल्या वाचकांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, निःशुल्क क्रमांक आहे, तो तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो.