साहित्यिक एजंटांकडे लेखन पाठवताना: वाचकांचे प्रश्न

कादंबरी निम्मी लिहून झाली आहे. आत्ताच एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांना पुस्तक विकणाऱ्यांना, विचारायला सुरुवात करू का?

नको. पहिली कादंबरी पूर्ण लिहून, किमान एकदा नीट पुनर्लेखन करूनच पाठवावी. एजंटाने उद्या पूर्ण बाड मागितलं तर ते त्याच दिवशी देता यायला हवं. कथेतर पुस्तकाचं वेगळं असतं. तिथे सहसा प्रस्ताव चालतो: पुस्तकाची कल्पना, वाचक कोण, प्रकरणवार आराखडा आणि एक-दोन नमुना प्रकरणं.

एजंटाला पहिल्यांदा विचारणा करतानाच्या पत्रात नेमकं काय लिहायचं?

पत्र २५० ते ४०० शब्दांत संपवा. कादंबरीचं नाव, प्रकार आणि हजारात पूर्ण केलेली शब्दसंख्या (८४,००० म्हणा, ८४,२१७ नको), मग कथेचा गाभा दोन परिच्छेदांत, शेवटी स्वतःविषयी दोन-तीन ओळी. याच एजंटाला का लिहीत आहात, हे एका वाक्यात सांगता आलं तर उत्तम. मात्र ते खरं असावं. एजंटाच्या नावाचं स्पेलिंग दोनदा तपासा आणि 'माननीय महोदय' असा सरसकट मायना टाळा.

बहुतेक पत्रं गाभ्यापाशीच फसतात. 'ही नात्यांची, हरवलेपणाची आणि आशेची कहाणी आहे' हे वाक्य कुठल्याही कादंबरीला चिकटवता येईल. त्याऐवजी असं लिहा: 'वीस वर्षं मृत समजला गेलेला भाऊ परत येतो, तेव्हा घर बहिणीच्या नावावर झालेलं असतं. घर वाटून घ्यायचं की त्याला ओळखच द्यायची नाही, हे तिला आठ दिवसांत ठरवायचं आहे.' कोण, काय हवंय, आड काय येतंय, हे एजंटाला लगेच कळतं. पत्रात शेवट उघड करू नका. वेगळा सारांश मागितला असेल तर त्यात मात्र शेवट सांगायलाच हवा. तो लपवला की कथानक तडीस गेलं आहे की नाही, हे एजंटाला समजत नाही.

नमुना प्रकरणं फाइल जोडून पाठवायची का?

प्रत्येक एजंटाच्या सूचना वेगळ्या असतात. त्या वाचा आणि तंतोतंत पाळा. दहा पानं मागितली असतील तर सुरुवातीचीच दहा, मधली 'सगळ्यात रंगलेली' नव्हेत. व्हायरसच्या भीतीने कित्येकजण न मागितलेली फाइल उघडतच नाहीत आणि मजकूर ईमेलमध्येच मागतात. तो चिकटवताना परिच्छेद एकमेकांत मिसळतात, म्हणून साध्या मजकुराच्या रूपात चिकटवा, परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडा आणि आधी स्वतःलाच पाठवून बघा. पूर्ण बाड मागितलं आणि वेगळी सूचना नसेल, तर वर्ड फाइल, १२ पॉइंटचा साधा फॉन्ट, दुप्पट ओळअंतर, चारही बाजूंना एक इंच समास, पृष्ठक्रमांक आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर आडनाव व शीर्षक.

एकाच वेळी अनेकांना पाठवणं वाईट दिसतं का?

नाही, तीच रीत आहे. मात्र प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल जायला हवा. एकाच ईमेलमध्ये वीस पत्ते दिसले की तो बहुधा न वाचताच बाजूला पडतो. एकाच एजन्सीतल्या दोघांना एकदम पाठवू नका. तिथे चर्चा होते आणि एकाचा नकार अनेकदा सगळ्यांचा धरला जातो. पाच ते आठ जणांची पहिली तुकडी करा. सगळीकडून नुसते नकार आले तर दोष बहुधा पत्रात किंवा पहिल्या पानांत असतो, आणि पुढच्या तुकडीआधी तो दुरुस्त करता येतो. सगळ्यांना एकदम पाठवलं की ही संधी जाते, कारण तेच बाड त्याच एजंटाकडे सहसा पुन्हा नेता येत नाही.

एखाद्याने 'सध्या फक्त मलाच द्या' असं म्हटलं, तर मुदत ठरवूनच हो म्हणा. बाड आधीच दुसऱ्यांकडे असेल तर तसं स्पष्ट सांगा.

प्रतिनिधित्वाचा प्रस्ताव आला, म्हणजे एखादा एजंट तुमचं पुस्तक विकायला तयार झाला, की लगेच करारावर सही करू नका. ज्यांच्याकडे बाड किंवा पत्र अजून आहे त्या सगळ्यांना त्याच दिवशी कळवा आणि दोन आठवड्यांची मुदत द्या. प्रस्ताव देणारा एजंटही हे गृहीत धरतो. कुणालाही न कळवता सही करणं फार अन्यायाचं आहे: कुणीतरी विनामोबदला तीनशे पानं वाचत बसलेलं असतं.

किती दिवसांनी आठवण करावी?

एजंटाने दिलेली मुदत उलटल्यावर, एकदाच, दोन ओळींत, जुन्याच ईमेलला उत्तर देऊन. मुदत दिली नसेल तर पत्रासाठी आठ ते बारा आठवडे आणि पूर्ण बाडासाठी तीन महिने थांबा. 'उत्तर नाही म्हणजे नकार' असं लिहिलं असेल तर पत्राची आठवण करूच नका. फोन तर कधीच नको.

वाचनाचे पैसे मागितले तर?

देऊ नका. एजंटाची कमाई पुस्तक विकल्यावरच्या कमिशनमधून होते. स्वदेशी हक्कांवर साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के. वाचायचे पैसे घेणाऱ्याला पुस्तक विकण्याची निकड उरत नाही.

नकाराला उत्तर द्यावं का?

ठरावीक साच्यातल्या नकाराला गरज नाही. पूर्ण बाड वाचून कारणं लिहिली असतील तर एका ओळीत आभार माना, वाद घालू नका. 'बदल केलेत तर पुन्हा वाचेन' असं लिहिलं असेल तर तो नुसता नकार नाही. बदल पटत असतील तर काही महिने घ्या. आठवड्याभरात परत पाठवलेलं बाड वरवर डागडुजी केलेलं निघतं, आणि एजंटाला ते लगेच कळतं.