वाचकांचे प्रश्न : पिंपापाशी अस्वलाची वाट बघताना

प्रश्न : दादा नमस्कार, मी अमेरिकेत मेन राज्यात नोकरीला, एचवनबीवर. ऑफिसातला एकजण या सीझनला आमिषावर अस्वलाच्या शिकारीला चल म्हणतोय. मी शिकार कधी केलेली नाही. आमिषाच्या पिंपात काय टाकतात, आणि आपण नक्की करायचं काय?

उत्तर : पहिलं पेपरवर्क. तुझ्या व्हिसावर हंटिंग लायसन्स हातात नसताना बंदुकीला हातसुद्धा लावू नकोस, गुन्हा होतो. ते नसेल तर नुसता बघायला जा.

मेनमध्ये हा सीझन ऑगस्टअखेरच्या सोमवारी उघडतो पण आमिष महिनाभर आधीपासून टाकता येतं, आणि खरी मेहनत तीच. जमीनमालकाची परवानगी घ्या, जागेवर नाव-पत्त्याची पट्टी लावा, मग ५५ गॅलनचं पिंप झाडाला साखळीने बांधायचं, नाहीतर अस्वल ते गडगडवत जंगलात नेतं. आत शिळे डोनट, पॉपकॉर्न, वरून काकवी. हॉटेलातलं तळणीचं जुनं तेल जमिनीवर ओततात, म्हणजे अस्वलाच्या पायाला लागून वास रानभर फिरतो. बडीशेपेसारख्या वासाचं ॲनिस तेलही फांदीवर लावतात. चॉकलेट मात्र नको! शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये २०१४ मध्ये आमिषाजवळ चार अस्वलं मेलेली सापडली, दोन माद्या आणि दोन पिल्लं, चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनने. नंतर तिथे चॉकलेटवर बंदीच आली.

आमिष रोज ठरलेल्या वेळी टाका, बादली वाजली तरी वाजू दे, अस्वलाला त्या आवाजाची सवय होते. शिकारीच्या दिवशी मित्राने तुला मचाणावर सोडून गाडी घेऊन निघून जायचं, अस्वलाला वाटतं माणूस गेला. वारा पिंपाकडून तुझ्याकडे यायला हवा. आणि परफ्यूम, गुटखा, मोबाईल सगळं घरी 😄

आता मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लोक म्हणतात खायला घालून मारणं ही कसली शिकार, मलाही आधी तसंच वाटायचं. पण वीस यार्डांवर अस्वल खात बसलं की नीट बघायला वेळ मिळतो, तो वेळ वापर. उभं पिंप साधारण तीन फूट, चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ त्याच्या काठाला लागली तर ते खरोखर मोठं. कान लहान आणि एकमेकांपासून दूर दिसले तर मोठं, डोक्यावर उभे मोठे कान म्हणजे पोरगं. एकटं आलं तरी पाच-दहा मिनिटं थांब, पिल्लं मागे रेंगाळतात नाहीतर झाडावर बसलेली असतात, पिल्लांची आई असेल तर सोडून दे. गोळी डोक्यात नाही, आडवं उभं राहून तुझ्या बाजूचा पुढचा पाय पुढे टाकला की खांद्यामागे. चरबी आणि केसांमुळे रक्त जमिनीवर फार पडत नाही, म्हणून अंधार पडत आला असेल तर सोडून द्यायचं, सकाळी शोधत बसायची वेळ नको.

आणि हो, गावी आल्यावर मेळघाटात वगैरे असलं काही डोक्यात आणू नकोस, आपलं अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, सरळ जेल.