बटण खिशातच होतं

प्रिय पोरी,

तुझ्या कपाटाचा फोटो बघितला आणि हसूच आलं, कारण दहा वर्षांमागं माझं पण अस्संच होतं, दार उघडलं की कपडे अंगावर. तू म्हणतेस मी तर सगळं सेकंडहँडच घेते, इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजवरनं नाहीतर पुण्याला गेले की जुन्या बाजारातनं, मग एवढा पसारा कसा झाला. अगं त्याच्यामुळंच झाला! दोन हजाराचा ड्रेस घेताना आपण चारदा आरशात बघतो, दीडशेचा शर्ट असला की एकदा पण नाही. बसला नाही तर बसला नाही, दीडशेच तर गेले. माझ्याकडं एक मोरपंखी कॉर्डरॉयचं जॅकेट होतं, सांगलीच्या उन्हात कॉर्डरॉय, आता काय बोलायचं! त्याचं वरचं बटण तुटलेलं, लावू लावू म्हणत सहा वर्षं हँगरला तसंच, आणि बटण खिशातच.

आता मी एक करते. नवीन काही आणलं की त्याला सेफ्टीपिन लावून ठेवते, पहिल्यांदा घातलं की पिन काढते. दिवाळीची साफसफाई काढली की पिन लागलेलं सगळं बाहेर. मन खातं, पण पिन खोटं बोलत नाही.

पण तू तीन पोती भरून कुठंतरी देऊन टाकणारायस ना, तिथं जरा थांब. २०१९ च्या ऑगस्टमधे पूर आला तेव्हा मी एका हॉलमधे आलेले कपडे निवडायला बसले होते. लोकं मनापासून पाठवत होती, त्यात वादच नाही, पण पोतं उघडलं की काय, तर दुसऱ्याच्या मापाची ब्लाउजं, घामाचा वास मारणारे टीशर्ट, चेन गेलेल्या पँटी, एक तर जरीचा घागरा. आणि बायका येऊन हळूच विचारायच्या, परकर हाय का, गाऊन हाय का, नवीन निकर हाय का. तेच नव्हतं. राहिलेला ढीग कोपऱ्यात ओला होऊन कुजला, वास अजून नाकात आहे.

म्हणून द्यायच्या आधी आमच्या गल्लीतली बोहारीण आठव. ती प्रत्येक कपडा उजेडात धरून बघते, काखेतली शिवण ओढते, कॉलर उलटी करते, आणि सरळ बाजूला टाकते, "ह्ये न्हाय चालत ताई." तिला तो पुढं विकायचाय, भांडं काय फुकट देत नाही ती. तिनं नाकारलेलं दुसऱ्या कुणाला दान म्हणून द्यायचं नाही, एवढंच. त्यातलं कॉटनचं असेल तर फडकी कर, जुन्या साड्या वाकळंला. कापड कळत नसेल तर एक धागा जाळून बघ, कॉटनची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. त्या पॉलिस्टरनं फरशी पुसायला जाऊ नकोस, पाणी नुसतं इकडून तिकडं जातं.

आणि चांगलं निघालेलं कुणाला, ते पण बघ. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. उसाचं पान हाताला ब्लेडसारखं कापतं, म्हणून बायका साडीवर पुरुषांचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात. तुझे ते ढगळे ओव्हरसाइज शर्ट तिथं सोन्यासारखे, नेटचे टॉप नाहीत. लहान पोरांना स्वेटर, कानटोपी. मी नेलेल्या पिशवीतनं एका बाईनं ते कॉर्डरॉयचं जॅकेट आधी उचललं, पहाटे अंधारातच फडात जायचं असतं ना त्यांना. खिशात हात घातला, बटण काढून माझ्याकडं बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर रविवारी पोती घेऊन इकडंच ये विश्रामबागला. धुऊन, उन्हात वाळवून आण, खिसे बघून. सुईदोरा आणि बटणांचा डबा माझ्याकडं आहे, जेवायलाच ये.

तुझी,
मावशी