ग्वाल्हेरचा किल्ला पायीच पाहावा

प्रश्न : ग्वाल्हेरला लष्कर या भागात मावशीकडे दोन दिवस मुक्काम आहे. टॅक्सी परवडणार नाही. किल्ला पायी पाहून होईल का? (एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : होईल, आणि माझ्या मते तो पायीच पाहावा. टेम्पोने हजीऱ्याला उतरून तानसेनांची समाधी पाहावी आणि उन्हे तापण्यापूर्वी ग्वाल्हेर दरवाजाने चढाईला लागावे. पूर्वेकडील ही वाट वाहनांना बंद असल्यामुळे, उरवाई दरवाजाने गाडीतून वर जाणाऱ्यांना गूजरी महाल आणि खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर सहसा दिसतच नाही. हे मंदिर लहानसे आहे, तरी तेथे अवश्य थांबावे, कारण तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखातील २७० आणि ५० या संख्यांमधली शून्ये आजच्यासारखीच गोल, मात्र शेजारच्या अंकांहून किंचित लहान कोरलेली आहेत. पुढे मानमंदिर राजवाडा, सासबहू मंदिर आणि तेली का मंदिर पाहून उरवाईकडून उतरावे, म्हणजे पंधराव्या शतकात कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती वाटेतच लागतात. पाणी मात्र सोबत ठेवावे. दुसऱ्या दिवशी महाराज बाड्यापासून फूलबागेजवळील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपर्यंत सहज चालत जाता येईल.